नाव कंपनीचं, माणसं आपली: ‘लिंग्वा’ सोडून ‘ग्लोसा’ काढणाऱ्या संपादकांचं प्रकरण

ऑक्टोबर 2015 संपता संपता ‘लिंग्वा’ या भाषाविज्ञानाच्या शोधपत्रिकेच्या सहाही संपादकांनी राजीनामे दिले. संपादक मंडळावरचे 31 जणही त्यांच्यासोबत बाहेर पडले. मागे एकही जण राहिला नाही, हे या घटनेतलं सगळ्यात दुर्मीळ. प्राध्यापकांच्या कुठल्याही गटाकडून एका कागदावर सह्या मिळवणं किती अवघड असतं, हे ज्यांनी विद्यापीठात एखादी समिती चालवली आहे त्यांना सांगायला नको.

मागे उरली प्रकाशक कंपनी एल्सव्हियर, पत्रिकेचं नाव आणि 1949 पासूनचे अंक. 2016 पासून हीच मंडळी ‘ग्लोसा’ नावाची नवी पत्रिका चालवू लागली. ती कुणालाही, कुठूनही, पैसे न देता वाचता येते आणि निबंधाचे हक्क लेखकाकडेच राहतात.

ओपन ॲक्सेसबद्दल, म्हणजे शोधनिबंध सर्वांना फुकट वाचायला खुले ठेवण्याबद्दल, बोलताना हे प्रकरण विजयाची गोष्ट म्हणून सांगितलं जातं. मला ते मालकीचं प्रकरण वाटतं. शोधनिबंध सर्वांना खुले असावेत हे तत्त्व म्हणून कंपनीलाही अमान्य नव्हतं. तिच्या स्वतःच्या कितीतरी पत्रिका तशा चालतात. घोडं अडलं ते दरावर आणि त्याहून जास्त, पत्रिकेचं नाव कुणाचं यावर.

एक निबंध छापून येतो तेव्हा

समजा, कुणी मराठीतल्या ‘ने’ प्रत्ययावर निबंध लिहिला. आपण ‘त्याने पत्र वाचलं’ म्हणतो, पण ‘मी पत्र वाचलं’ म्हणताना ‘मी’ला ‘ने’ लावत नाही. तृतीय पुरुषात लागतो, प्रथम आणि द्वितीय पुरुषात लागत नाही. हे असं का, यावर भाषाविज्ञानात बराच खल झालेला आहे. लेखक आपलं उत्तर मांडतो आणि निबंध ‘लिंग्वा’सारख्या पत्रिकेकडे पाठवतो.

तिथे पहिल्यांदा तो संपादक वाचतो. या विषयात जगभरात कोण काम करतं हे त्याला ठाऊक असतं, म्हणून तो दोन-तीन योग्य परीक्षक निवडू शकतो. परीक्षक आठवडेच्या आठवडे घेऊन अहवाल लिहितात: अमुक उदाहरण तमुक बोलीत असं येत नाही, दुसऱ्या कलमातला युक्तिवाद चौथ्या कलमाशी जुळत नाही, हा सिद्धान्त आधी कुणी मांडला आहे तो पाहा. लेखक दुरुस्त्या करतो. पुन्हा एक फेरी होते, कधी तिसरीही. लेखकाला पगार देतं त्याचं विद्यापीठ, परीक्षकांना त्यांची विद्यापीठं. परीक्षणाचे वेगळे पैसे कुणालाच मिळत नाहीत. संपादकांना मिळतं ते मानधन कामाच्या मानाने किरकोळ.

मग कंपनीचं काम सुरू होतं, आणि ते काही शून्य नाही. भाषाविज्ञानाचा निबंध जुळवणं ही कटकट असते. प्रत्येक उदाहरण तीन ओळींचं: वर मूळ वाक्य, त्याखाली शब्दाला शब्द लावून व्याकरणाच्या खुणा, तिसऱ्या ओळीत अनुवाद. दुसऱ्या ओळीतला एखादा शब्द एक घर सरकला की ‘ने’ची खूण ‘पत्र’खाली जाऊन बसते आणि उदाहरणाचा अर्थच उलटतो. शिवाय उच्चारांची चिन्हं, वाक्यरचनेची झाडं, तळटीपा. हे सगळं नीट लावायचं, प्रुफं पाठवायची, निबंधाला कायमचा ओळखक्रमांक द्यायचा, सर्व्हर सांभाळायचा, पत्रिका ग्रंथालयांना विकायची. या प्रत्येक गोष्टीला पैसे पडतात.

प्रश्न असतो किती पडतात आणि किती घेतले जातात हा. वर्गणीच्या पद्धतीत लेखक कॉपीराइटच्या फॉर्मवर सही करून हक्क कंपनीला देऊन टाकतो. मग त्याच्याच विद्यापीठाचं ग्रंथालय तो निबंध वर्गणी भरून परत विकत घेतं. मोठ्या कंपन्या शेकडो पत्रिकांचा गठ्ठा बांधून एकच करार करतात, त्यामुळे एखादी पत्रिका नकोशी झाली तरी ती वेगळी काढून टाकणं ग्रंथालयाला परवडत नाही. ज्याच्यामागे असं ग्रंथालय नाही त्याला सारांश दिसतो आणि त्याखाली पैसे भरायचं बटण. एल्सव्हियरची मातृसंस्था रेलेक्स. तिच्या वैज्ञानिक प्रकाशनाच्या विभागाचा 2015 मधला नफा उलाढालीच्या सुमारे 37 टक्के होता. ज्या धंद्यात कच्चा माल फुकट येतो, त्याची तपासणी फुकट होते आणि गिऱ्हाईक बांधलेलं असतं, तिथे असा आकडा दिसणं नवल नाही.

गिऱ्हाईक बांधलेलं का, हे इथे सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. एक पत्रिका महाग झाली म्हणून ग्रंथालय दुसरी स्वस्त पत्रिका घेऊन भागवू शकत नाही. संशोधकाला हवा असलेला निबंध तिथेच असतो, दुसरीकडे नसतो. लेखकही स्वस्त पत्रिका शोधत नाही. तो नाव शोधतो. नेमणूक समितीसमोर बायोडेटा जातो तेव्हा समितीला निबंध वाचायला वेळ नसतो, पत्रिकेचं नाव वाचायला असतो. म्हणून प्रकाशनाच्या धंद्यातली खरी मालमत्ता छापखाना किंवा सर्व्हर नसून नाव असते. आणि हे नाव मोठं करतात संपादक आणि परीक्षक, पण कागदोपत्री ते कंपनीचं असतं.

नेदरलँड्समधली हवा

‘लिंग्वा’चे कार्यकारी संपादक यॉहान रोरिक लायडन विद्यापीठात फ्रेंच भाषाविज्ञानाचे प्राध्यापक होते. 1990 च्या दशकाच्या शेवटापासून ते ही पत्रिका सांभाळत होते, आणि त्यांच्या काळात सैद्धान्तिक भाषाविज्ञानात तिचं नाव चांगलंच वधारलं होतं. म्हणजे बाहेरचा कुणी चळवळ्या येऊन भांडला असं हे नव्हतं. ज्यांनी पत्रिका मोठी केली तेच भांडत होते.

देशातलं वातावरणही अनुकूल होतं. नोव्हेंबर 2013 मध्ये तिथल्या शिक्षण खात्याचे राज्यमंत्री सांडर डेकर यांनी सरकारी पैशातून होणारं संशोधन खुलं करायचं धोरण जाहीर केलं होतं. 2024 पर्यंत सगळंच्या सगळं खुलं, असं उद्दिष्ट त्यात होतं. डच विद्यापीठांची संघटना व्हीएसएनयू एल्सव्हियरशी नव्या करारासाठी घासाघीस करत होती. बोलणी अडली तेव्हा जुलै 2015 मध्ये संघटनेने एल्सव्हियरच्या पत्रिकांचे मुख्य संपादक असलेल्या आपल्या प्राध्यापकांना ते पद सोडण्याचं आवाहन केलं. सहसा विद्यापीठ संपादकपदाकडे शोभेची गोष्ट म्हणून पाहतं. इथे ते सोडा, असं विद्यापीठच सांगत होतं. (व्हीएसएनयूचा एल्सव्हियरशी समझोता पुढे डिसेंबर 2015 मध्ये झाला. तोवर ‘लिंग्वा’चे संपादक निघून गेले होते.)

मागण्या आणि उत्तर

संपादकांनी कंपनीकडे चार गोष्टी मागितल्या. पत्रिका पूर्णपणे ओपन ॲक्सेस करा. निबंध छापायचं शुल्क 400 युरोंच्या आसपास ठेवा. कॉपीराइट लेखकाकडे राहू द्या आणि निबंध क्रिएटिव्ह कॉमन्सच्या अशा परवान्याखाली द्या की नाव देऊन कुणालाही ते वापरता यावेत. चौथी मागणी, पत्रिकेच्या नावाची मालकी संपादकांकडे द्या.

पहिल्या तीन मागण्यांवर देवघेव शक्य होती, निदान कल्पनेत तरी. पैसे भरून एखादा निबंध खुला करण्याची सोय ‘लिंग्वा’त आधीपासून होती, फक्त त्याचा दर 400 युरोंच्या कितीतरी वर होता. या मिश्र पद्धतीवर एक जुना आक्षेप आहे: लेखकाने शुल्क भरलं तरी ग्रंथालयाची वर्गणी चालूच राहते आणि कंपनीला दोन्हीकडून पैसे मिळतात. कंपन्या तो नाकारतात.

चौथी मागणी मात्र वेगळ्या जातीची होती. ती मान्य केली असती तर पुढच्या वर्षी संपादक दुसरा प्रकाशक गाठू शकले असते. ग्रंथालयं जशी प्रकाशकांकडून दरपत्रकं मागवतात तशीच संपादकांनी प्रकाशकांकडून मागवली असती, आणि प्रकाशक हा छपाई आणि मांडणीची सेवा देणारा ठेकेदार उरला असता. रोरिक यांना हेच हवं होतं, आणि हे कंपनीला नको असणं स्वाभाविक होतं. एकदा एका पत्रिकेचं नाव दिलं की बाकीच्या शेकडो पत्रिकांचे संपादक दारात उभे राहिले असते.

एल्सव्हियरने नकार दिला आणि नोव्हेंबर 2015 मध्ये जाहीर खुलासाही केला. सुचवलेल्या दरात पत्रिका आर्थिकदृष्ट्या टिकणार नाही, असं कंपनीचं म्हणणं होतं. मालकीबद्दल तिने सांगितलं की ही पत्रिका 66 वर्षांपूर्वी आम्हीच सुरू केली आणि तिच्यावर वेळ, पैसा, साधनं आम्हीच खर्च केली.

यावर रोरिक यांनी कंपनीला इतिहासात पकडलं. ‘लिंग्वा’ 1949 मध्ये सुरू केली ती आल्बर्ट विलेम डी ग्रूट आणि अँटन राइखलिंग या दोन भाषाशास्त्रज्ञांनी, आणि प्रकाशक होती नॉर्थ-हॉलंड ही कंपनी. नॉर्थ-हॉलंड एल्सव्हियरमध्ये विलीन झाली ती 1970 च्या सुमारास. म्हणजे ‘आम्ही सुरू केली’ हे विलीनीकरणानंतर अंगावर आलेलं पूर्वजपण होतं. कायद्याच्या दृष्टीने या उत्तराचा उपयोग शून्य. कंपनी विकत घेतली की तिच्या नावांचे हक्कही येतात. पण वाचणाऱ्या भाषाशास्त्रज्ञांवर त्याचा परिणाम व्हायचा तो झाला.

एक गोष्ट कंपनीच्या बाजूनेही सांगायला हवी. 400 युरोंत पत्रिका चालत नाही हे म्हणणं तिच्या खर्चाच्या चौकटीत कदाचित खरं असेल. इतक्या मोठ्या कंपनीला विक्रीची माणसं लागतात, वकील लागतात, भागधारकांना परतावा द्यावा लागतो, तोट्यातल्या पत्रिका नफ्यातल्यांवर पोसाव्या लागतात. ‘ग्लोसा’ला यातलं काहीच लागणार नव्हतं. विक्रीचा खर्च तर पूर्णच वाचतो, कारण विकायचंच काही नसतं. दोघेही वेगवेगळ्या गोष्टींचा हिशेब मांडत होते.

राजीनाम्याआधी केलेली तजवीज

माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात शिकण्यासारखा भाग हाच आहे, आणि सांगताना तोच गाळला जातो. राजीनामे बातमी झाले. पण राजीनामा द्यायच्या आधी पैसा, प्रकाशक आणि कायदेशीर घर या तिन्ही गोष्टी तयार होत्या.

कायदेशीर घर म्हणजे ‘लिंगओए’ नावाचं प्रतिष्ठान. भाषाविज्ञानाच्या पत्रिका जुन्या प्रकाशकाकडून सोडवून खुल्या करायच्या, हा त्याचा हेतू. ‘ग्लोसा’सोबत ‘लॅबोरेटरी फोनॉलॉजी’ आणि पोर्तुगीज भाषाविज्ञानाची एक पत्रिकाही याच छत्राखाली आली.

प्रकाशक म्हणून युबिक्विटी प्रेस निवडलं गेलं. ही लंडनची संस्था सुरुवातीपासून ओपन ॲक्सेसच छापणारी, त्यामुळे तिचा दर वर्गणीच्या उत्पन्नाशी बांधलेला नव्हता. नाव संपादकांच्या बाजूला आणि प्रकाशक बदलता येण्याजोगा, अशी रचना केली गेली.

पैसा हा खरा अवघड भाग. शुल्क 400 युरो असलं तरी भाषाविज्ञानात ते कोण भरणार? वैद्यकशास्त्रात संशोधनाच्या अनुदानातच प्रकाशनखर्चाची तरतूद असते. भाषाविज्ञानात कित्येकांकडे अनुदानच नसतं. एक माणूस, एक रेकॉर्डर आणि काही बोलणारी माणसं, एवढ्यावर चांगला निबंध होतो. अशा लेखकाकडे 400 युरो मागितले की वाचकासमोरची भिंत पाडून ती लेखकासमोर बांधल्यासारखं होतं. म्हणून डच संशोधन निधी संस्था एनडब्ल्यूओ आणि व्हीएसएनयू यांनी मिळून पाच वर्षं हे शुल्क उचलायचं कबूल केलं. लेखकाला खिशात हात घालावा लागणार नव्हता.

पाच वर्षांनंतर काय, याचीही सोय आधीच बघून ठेवलेली होती: ओपन लायब्ररी ऑफ ह्युमॅनिटीज. मार्टिन ईव्ह आणि कॅरोलिन एडवर्ड्स यांनी लंडनच्या बर्कबेक कॉलेजात उभी केलेली ही संस्था 2015 च्या सप्टेंबरमध्येच सुरू झाली होती. तिथे लेखकाकडून शुल्क घेतच नाहीत. जगभरातली ग्रंथालयं दरवर्षी तुलनेने लहान रक्कम देतात आणि त्या सामायिक पैशातून सगळ्या पत्रिका चालतात. जे ग्रंथालय पैसे देत नाही त्याचे वाचकही वाचू शकतातच, त्यामुळे हा सगळा डोलारा ग्रंथपालांच्या सद्भावनेवर उभा आहे असा आक्षेप घेता येतो. तरी इतकी वर्षं तो उभा आहे.

ही सगळी बांधाबांध पाहिली की लक्षात येतं, 37 जणांची एकजूट नुसत्या संतापातून आलेली नव्हती. ‘इथून निघालो तर जायचं कुठे’ याचं उत्तर प्रत्येकाच्या हातात होतं.

दोन पत्रिका, एक वर्तुळ

करारातल्या अटींमुळे वर्षअखेरपर्यंत संपादकांना प्रतिस्पर्धी पत्रिका सुरू करता येत नव्हती. त्यामुळे नोव्हेंबर-डिसेंबरचे दोन महिने मोठे चमत्कारिक गेले. राजीनामा दिलेले संपादकच हातातले निबंध मार्गी लावत होते, आणि नवी पत्रिका जाहीर होऊनही उघडलेली नव्हती.

या काळात खरी पंचाईत झाली ती लेखकांची. ज्यांचा निबंध परीक्षणात अर्ध्यावर होता त्यांनी काय करायचं? काढून घेऊन ‘ग्लोसा’कडे द्यायचा की आहे तिथेच राहू द्यायचा? कायम नोकरीतल्या प्राध्यापकाला हा तत्त्वाचा प्रश्न होता. पीएचडी नुकती संपवून अर्ज करत फिरणाऱ्याला तो पोटाचा प्रश्न होता. नव्या पत्रिकेला इम्पॅक्ट फॅक्टर नसतो, आणि लगेच असूही शकत नाही. एखाद्या वर्षाचा आकडा काढताना मागच्या दोन वर्षांत छापलेल्या निबंधांना त्या वर्षी किती संदर्भ मिळाले हे मोजतात. म्हणजे पत्रिका कितीही चांगली असली तरी पहिली काही वर्षं त्या रकान्यात काही लिहायला नसतं. ज्या देशात बढतीचे गुण या आकड्यावर ठरतात तिथल्या लेखकाला ‘ग्लोसा’त छापणं म्हणजे काही वर्षांचे गुण सोडणं. ओपन ॲक्सेसवरच्या भाषणांत या माणसाची आठवण फारशी निघत नाही.

‘ग्लोसा’च्या बाजूने एक मोठी गोष्ट होती: संपादक तेच होते. नवी पत्रिका म्हटलं तरी कोण वाचणार आणि कोण परीक्षण करणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. जुन्या नावाशी नातं सांगणारं पण कायद्याच्या कचाट्यात न सापडणारं नावही त्यांनी विचार करूनच घेतलं होतं. लॅटिनऐवजी ग्रीक, अर्थ तोच.

एल्सव्हियरनेही पत्रिका बंद केली नाही. मेंदू आणि भाषा यांच्या संबंधाचे ज्येष्ठ अभ्यासक (न्यूरोलिंग्विस्ट) हॅरी व्हिटेकर यांना हंगामी संपादक म्हणून आणून ‘लिंग्वा’ चालू ठेवली, पुढे नवं संपादक मंडळ नेमलं. विरोधकांनी तिला ‘झॉम्बी लिंग्वा’ म्हणायला सुरुवात केली: देह चालतो आहे, जीव गेलेला आहे. तिथे निबंध देऊ नका, परीक्षण करू नका, असं आवाहन भाषाशास्त्रज्ञांच्या वर्तुळात फिरलं. शब्द चटकदार आहे, पण मला तो अन्यायाचा वाटतो. त्यात लिहिणारे, परीक्षण करणारे लोक खरे होते, आणि त्यांतले कित्येकजण या भांडणाशी संबंध नसलेल्या उपशाखांतले होते. पत्रिका आजही निघते. 31 जणांचं मंडळ उठून गेलं तरी नाव एकट्याच्या बळावर इतकी वर्षं चालू शकतं, यावरून त्या नावाची ताकद कळते; आणि संपादक ते मागत का होते हेही.

हे पहिल्यांदा घडलं नव्हतं

2001 मध्ये ‘मशीन लर्निंग’ या पत्रिकेचे 40 संपादक बाहेर पडले. ‘जर्नल ऑफ मशीन लर्निंग रिसर्च’ ही खुली पत्रिका त्याच्या आदल्या वर्षी निघालेली होती, आणि ती बघता बघता त्या क्षेत्राचं मुख्य व्यासपीठ झाली. खर्च जवळजवळ नाहीच, कारण संगणकशास्त्रातले लेखक आपला निबंध स्वतःच जुळवून देतात आणि वेबसाइट स्वतःच सांभाळतात. भाषाविज्ञानाला हे जसंच्या तसं उचलता आलं नसतं. वर तीन ओळींच्या उदाहरणांचं सांगितलंच आहे.

2006 मध्ये ‘टोपॉलॉजी’ या गणिताच्या पत्रिकेचं सगळं मंडळ एल्सव्हियरच्या किमतींना कंटाळून बाहेर पडलं आणि लंडन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या आश्रयाने ‘जर्नल ऑफ टोपॉलॉजी’ निघाली. ती स्वस्त होती पण खुली नव्हती. जुनी ‘टोपॉलॉजी’ मात्र काही वर्षांत बंदच पडली. गणिताचं ते क्षेत्र लहान आणि घट्ट विणलेलं, मंडळ उठलं की मागे लिहिणारे उरलेच नाहीत. ‘लिंग्वा’चा पसारा त्याहून मोठा, म्हणून ती टिकली. समुदायाचा आकार किती आणि तो किती एकजिनसी, यावर अशा बंडाचा निकाल ठरतो असं या दोन उदाहरणांवरून वाटतं.

पुढे काय झालं

‘ग्लोसा’ लवकरच आपल्या क्षेत्रातली पहिल्या रांगेतली पत्रिका झाली. डच निधीची मुदत संपल्यावर ती ठरल्याप्रमाणे ओपन लायब्ररी ऑफ ह्युमॅनिटीजकडे गेली आणि युबिक्विटीचा मंच सोडून बर्कबेकमध्येच विकसित झालेल्या ‘जेनवे’ या मुक्त सॉफ्टवेअरवर चालू लागली. प्रकाशक बदलला, नाव तेच राहिलं, संपादकांनी कुणाची परवानगी मागितली नाही. 2015 मधली चौथी मागणी मान्य झाली असती तर ‘लिंग्वा’च्या बाबतीत जे करता आलं असतं, ते इथे गाजावाजा न होता पार पडलं. माझ्या लेखी या प्रकरणाची खरी परीक्षा राजीनाम्याच्या दिवशी नव्हती, ती या स्थलांतराच्या वेळी झाली.

‘ग्लोसा सायकोलिंग्विस्टिक्स’ नावाची भावंड पत्रिकाही निघाली. ती कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या खुल्या प्रकाशन मंचावर चालते. रोरिक 2020 मध्ये ‘कोअॅलिशन एस’चे कार्यकारी संचालक झाले. आपल्या पैशातून झालेलं संशोधन खुलंच छापलं पाहिजे, अशी अट घालणाऱ्या निधी संस्थांचा हा गट.

अनुकरणही झालं, फक्त वेग मंद. 2019 च्या जानेवारीत ‘जर्नल ऑफ इन्फॉर्मेट्रिक्स’चं मंडळ एल्सव्हियर सोडून गेलं आणि एमआयटी प्रेसकडे ‘क्वांटिटेटिव्ह सायन्स स्टडीज’ निघाली. 2023 मध्ये ‘न्यूरोइमेज’च्या 40 हून अधिक संपादकांनी शुल्काच्या मुद्द्यावर राजीनामे दिले. ती पत्रिका तेव्हा आधीच पूर्ण ओपन ॲक्सेस होती. लेखकाला एका निबंधाचे 3,450 डॉलर भरावे लागत. वाचकासाठी दार उघडं आणि लेखकासाठी टोलनाका, अशी अवस्था. म्हणजे ‘खुलं’ करून प्रश्न मिटला नव्हता, फक्त बिल कुणाच्या हातात द्यायचं ते बदललं होतं. या संपादकांनी काढलेल्या ‘इमेजिंग न्यूरोसायन्स’नेही शुल्क ठेवलं, पण सुरुवातीला ते जुन्याच्या निम्म्याहून कमी होतं. मज्जाविज्ञानात अनुदानं मोठी असतात म्हणून ते खपतं.

2024 मध्ये हा धागा पुन्हा भाषाविज्ञानात आला. विली या प्रकाशकाची ‘सिंटॅक्स’ ही पत्रिका तिच्या संपादकांनी सोडली आणि ‘सिंटॅक्टिक थिअरी अँड रिसर्च’ सुरू केली, तीही ओपन लायब्ररी ऑफ ह्युमॅनिटीजमध्येच. त्यांना पैसा आणि घर नव्याने शोधावं लागलं नाही. 2015 मध्ये ‘लिंग्वा’वाल्यांनी जी तजवीज खटपटीने केली ती आता आयती उपलब्ध होती.

न सुटलेलं

पैशाचा प्रश्न पूर्ण सुटलेला नाही. पाच वर्षांचा डच निधी नसता तर सुरुवातच अवघड होती, आणि असा निधी प्रत्येक विषयाला, प्रत्येक देशात मिळत नाही. ग्रंथालयांच्या सामायिक निधीत किती पत्रिका सामावतील यालाही मर्यादा आहे. वर्गणीचे मोठे करार चालू असताना त्याच तिजोरीतून खुल्या पत्रिकांनाही पैसे द्यायचे म्हटलं की ग्रंथपालाची ओढाताण होते. करार मोडल्याशिवाय पैसा मोकळा होत नाही, आणि पर्याय उभा राहिल्याशिवाय करार मोडायची हिंमत होत नाही.

मूल्यमापनाचा प्रश्न तर जागेवरच आहे. नेमणूक समित्या पत्रिकेचं नाव पाहून गुण देत राहतील तोवर जुनी नावं चालत राहतील, मग त्यांच्यामागे कोण बसलंय याने फरक पडणार नाही. संपादक मंडळाने केलेल्या बंडाला विद्यापीठाच्या आस्थापना विभागात उत्तर मिळायला हवं होतं. ते बहुतेक ठिकाणी मिळालेलं नाही.

आणि जुने अंक. 1949 ते 2015 या काळात ‘लिंग्वा’त जे छापलं गेलं, त्यात रोरिक आणि सहकाऱ्यांनी स्वतः निवडलेले, तपासलेले निबंधही आले, ते कॉपीराइटच्या सह्यांसकट कंपनीकडे राहिले. राजीनामा पुढच्या कामाचा देता येतो, मागच्या कामाचा नाही. ‘ने’ प्रत्ययावर आज लिहिणारा विद्यार्थी 2016 नंतरची चर्चा ‘ग्लोसा’त फुकट वाचेल. त्याआधीचा निबंध ‘लिंग्वा’त असेल आणि त्याच्या महाविद्यालयाची वर्गणी नसेल, तर त्याला लेखकाला ईमेल करून प्रत मागावी लागते, किंवा ‘लिंगबझ’सारख्या संग्रहात लेखकाने हस्तलिखित टाकलंय का ते पाहावं लागतं. लेखक बहुतेक वेळा त्याच दिवशी पीडीएफ पाठवून देतात.